अकरांची जुळवाजुळव

फुटबॉलच्या खेळांत प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात, ही गोष्ट आज इतकी सर्वश्रुत आहे कीं ती कोणी मुद्दाम सांगत नाहीं. परंतु १८६३ सालीं लंडन येथें फुटबॉल असोसिएशनची स्थापना होऊन खेळाचे पहिले नियम लिहिले गेले, तेव्हां गड्यांच्या संख्येविषयीं त्यांत एक अक्षरहि नव्हतें. दोन्ही कर्णधारांनीं आपसांत ठरवावें आणि जितके जमतील तितके घेऊन खेळावें, असा व्यवहार होता. अकराचा आंकडा वहिवाटीनें रूढ झाला, आणि १८९७ सालीं तो नियमांत बसला.

आंकडा नियमांत बसला आणि शाळाशाळांतील खेळाच्या शिक्षकांच्या मागें मोजदाद लागली. मोठ्या क्लबांना गडी पैशानें मिळतात. शाळेला ते आपल्याच वर्गांतून काढावे लागतात. कोणाला पडसें झालेलें असतें, कोणाच्या घरीं लग्नकार्य निघतें, कोणाच्या वडिलांना मुलाचे गुडघे सोललेले खपत नाहींत. सामन्याच्या दिवशीं सकाळीं शिक्षक बोटें मोजूं लागतो, आणि तीं बहुधा नवांवर किंवा दहांवर थांबतात. बदली गडी घेण्याची मुभाहि या खेळांत फार उशिरां आली. इंग्लंडच्या लीग सामन्यांत तर ती १९६५ सालीं मिळाली. तोंवर एखादा गडी जायबंदी झाला तर उरलेल्यांनीं निभावून न्यावें, हाच न्याय होता. उरलेल्यांनीं कधीं कधीं तें नुसतें निभावलें नाहीं, तर जिंकूनहि दाखविलें. २१ डिसेंबर १९५७ रोजीं चार्ल्टन अ‍ॅथलेटिक या संघाचा एक गडी सामन्याच्या आरंभींच खांदा निखळून बाहेर गेला. पुढें प्रतिस्पर्धी हडर्सफील्ड संघाचे पांच आणि चार्ल्टनचा एक अशी गोलांची स्थिति झाली. तरीहि दहा गड्यांनीं तो सामना सातास सहा गोलांनीं जिंकला. आजच्या नियमाप्रमाणें सातांहून कमी गडी असले तर सामना चालूंच शकत नाहीं.

परंतु हे सारे हिशेब ज्यांना खेळावयाचें आहे अशांचे झाले. भारतीय शाळांत हा खेळ शिकवूं पाहणाऱ्या पहिल्या पिढींतील एका शिक्षकापुढें निराळाच प्रश्न उभा राहिला. त्याच्यापाशीं मैदान होतें, चेंडू होता, आणि शाळेच्या पटावर सुमारें दोनशें मुलेंहि होतीं. मात्र त्या चारशें पायांपैकीं एकहि पाय चेंडूला लागावयास तयार नव्हता. इतका अपुरा संघ फुटबॉलच्या इतिहासांत दुसरा सांपडणें कठीण. ही गोष्ट श्रीनगरची आणि १८९१ सालची आहे.

त्या शिक्षकाचें नांव सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को. जन्म १८६३ चा, म्हणजे फुटबॉलचे नियम आणि हा गृहस्थ एकाच वयाचे. शरीरयष्टि लहान आणि वजन कमी. त्यामुळें केंब्रिज विद्यापीठांत असतांना नौकाशर्यतीच्या होडींत सुकाणूं धरण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि १८८४ सालीं केंब्रिजनें ऑक्सफर्डवर जी शर्यत जिंकली तिच्या होडीचें सुकाणूं त्यांच्या हातीं होतें. सुकाणूं धरणारा स्वतः वल्हें मारीत नाहीं. समोर बसलेल्या आठ धिप्पाड गड्यांना तो आपल्या आवाजानें एका तालांत आणतो. पुढील सारें आयुष्य या माणसानें हेंच केलें असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं. धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन, लंडनच्या व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तींत कांहीं काळ काम करून, १८९० सालीं चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें ते श्रीनगरास आले. तेथील मिशन शाळा त्यांच्यापूर्वी जे. हिंटन नोल्स हे चालवीत होते. काश्मिरी म्हणी आणि लोककथा यांचे संग्रह करणारे विद्वान म्हणून या नोल्स यांचें नांव अभ्यासकांना आजहि ठाऊक आहे.

शाळेंतील मुलें बहुतेक काश्मिरी पंडितांच्या घरचीं होतीं. हीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या दप्तरांत लेखणीवर जगणारीं. राज्यकर्ते बदलले, पठाण गेले, शीख आले, पुढें डोग्रा घराणें आलें, तरी दप्तर पंडितांच्याच हातांत राहिलें, कारण दरबारची भाषा फारसी होती आणि ती त्यांना येत होती. १८८९ सालीं महाराजा प्रतापसिंह यांच्या अमदानींत फारसीच्या जागीं उर्दू आली. पंजाबांतून इंग्रजी शिकलेले कारकून येऊं लागले, आणि जुन्या घराण्यांच्या पायाखालची जमीन हलली. मिशनऱ्यांच्या धर्माविषयीं मनांत अढी असूनहि बापांनीं मुलांना मिशन शाळेंत घातलें तें याच कारणानें. त्यांना इंग्रजी हवें होतें, आणि इंग्रजी हवें होतें तें नोकरीसाठीं. हा मुद्दा ध्यानांत ठेवावयास हवा, कारण पुढें जें घडलें त्याची किल्ली त्यांतच आहे.

आतां या मुलांचा वेष पाहावा. अंगांत फिरन, म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंत लोंबणारा घोळदार झगा. त्याच्या बाह्या हातांहून लांब. हिंवाळ्यांत त्या झग्याच्या आंत पोटाशीं धरलेली कांगडी, म्हणजे वेताच्या टोपलींत बसविलेली मातीची लहान शेगडी, तिच्यांत धुमसता कोळसा. डोक्यास पागोटें, कानांत सोन्याचीं कुंडलें, पायांत लांकडी खडावा. वर्गांत मांडी घालून घोकंपट्टी करण्यास हा वेष उत्तम. धांवावयास मात्र त्याहून गैरसोयीचा पोशाख शोधून सांपडणार नाहीं. पोटाशीं निखारे घेऊन कोणी पळत नाहीं.

वेषाच्या मागें एक समजूतहि होती. अंगमेहनत हें हलक्या माणसाचें काम. वल्हें मारावें तें हांजी जातीच्या नावाड्यानें, ओझें वाहावें तें हमालानें. पंडिताच्या मुलाचे हात मऊ असावेत आणि चाल संथ असावी. धांवणें हें थोरामोठ्यांच्या मुलाला न शोभणारें कृत्य. या समजुतीला हंसण्याचा अधिकार आपल्याकडील फार थोड्यांना पोंचतो. लेखणीवर जगणाऱ्या घराण्यांत मुलानें कुस्तीच्या हौद्यांत उतरणें म्हणजे बिघडण्याची पहिली पायरी मानणारे वडील महाराष्ट्रांतहि कमी नव्हते.

१८९१ सालच्या शरदृतूंत बिस्को आपल्या नववधूला घेऊन श्रीनगरास परतले, आणि त्यांच्या सामानांत एक चामड्याचा फुटबॉल होता. योगायोग असा कीं, फुटबॉलमध्यें पेनल्टी किकचा नियम झाला तो याच वर्षीं, आणि मुंबईस रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले तेहि याच वर्षीं. पहिला चषक वूस्टरशायर पलटणीनें जिंकला. मुंबईंत लष्करी गोऱ्यांना संघ जमविण्याची विवंचना नव्हती. पलटणींत हुकूम सुटला कीं अकरा गडी उभे राहत. श्रीनगरच्या शाळेंत तसें नव्हतें.

बिस्को यांनीं तो चेंडू मुलांसमोर धरला, तेव्हांचा संवाद त्यांनीं पुढें आपल्या पुस्तकांत नोंदविला आहे. त्याचा सारांश इतकाच. ही वस्तु काय, तिचा उपयोग काय, असें मुलांनीं विचारलें. खेळण्यासाठीं आहे असें कळल्यावर, खेळल्याबद्दल पैसे मिळतील काय, हा पुढचा प्रश्न आला. मिळणार नाहींत, असें उत्तर मिळतांच मुलांनीं खेळण्यास नकार दिला. मग चेंडू कशाचा केला आहे अशी पृच्छा झाली, आणि चामड्याचा हें उत्तर ऐकतांच, तो दूर न्या, दूर न्या, असा एकच गलका उडाला. पैशाचा प्रश्न वाचून इंग्रज वाचकाला हंसूं येत असे, आणि बिस्को यांनीं तो त्यासाठींच लिहिला असावा. परंतु ज्या मुलांना शाळा ही नोकरीची पायरी म्हणून सांगितली गेली होती, त्यांनीं नव्या विषयाचा मोबदला विचारावा यांत नवल तें काय? चामड्याचा प्रश्न मात्र याहून खोल होता. मेलेल्या जनावराचें कातडें ब्राह्मणाच्या मुलानें पायानें शिवावयाचें, तेंहि भर चव्हाट्यावर. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्या कोणालाहि या एका वाक्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाहीं.

त्या दिवशीं दुपारीं शाळा सुटल्यावर मुलांना घरीं जाऊं दिलें नाहीं. शिक्षकांना आधींच सूचना देऊन ठेवली होती. तेहि बहुतेक पंडितच, आणि चेंडूची त्यांनाहि तितकीच शिसारी. परंतु नोकरी मिशनची. हातांत दांडके घेऊन ते मुलांच्या मागें उभे राहिले, आणि फतेह कदल या पुलाजवळील शाळेंतून शेखबागेच्या मैदानापर्यंत गुरांचा कळप हांकावा तशी ती सारी शाळा शहरांतून हांकीत नेली गेली. मिशनवाले आज कोणता नवा अधर्म करतात तें पाहावयास वाटेंत बघ्यांची गर्दी जमत गेली. मैदानावर गोलाचे खांब उभे होते. बिस्को यांनीं दोन संघ उभे केले, कोणीं कोठें उभें राहावें आणि चेंडू कोणत्या दिशेस मारावा हें सांगितलें, आणि आघाडीच्या मधल्या गड्यास पहिली लाथ मारण्याची आज्ञा केली. हा मधला गडी चांगला दाढीवाला होता. त्या काळीं शाळेंतील कित्येक विद्यार्थी लग्न झालेले प्रौढ असत, हें येथें लक्षांत घ्यावें.

तो हलला नाहीं. कोणीच हललें नाहीं. बिस्को यांनीं खिशांतून घड्याळ काढलें आणि पांच मिनिटांची मुदत दिली. तेवढ्यांत चेंडूला लाथ बसली नाहीं तर पुढें काय होईल तें मागें उभ्या असलेल्या दांडक्यांकडे पाहून समजावें. मिनिटें गेलीं. शेवटचे क्षण मोठ्यानें मोजले गेले. मुदत संपली, दांडके खालीं आले, आणि त्याच क्षणीं त्या दाढीवाल्या गड्याचा पाय चेंडूला लागला. पुढें जो गोंधळ उडाला त्याला सामना म्हणण्यापेक्षां झोंबाझोंबी म्हणणेंच बरें. पागोटीं सुटलीं, खडावा हवेंत उडाल्या, झगे एकमेकांत अडकले. आणि तेवढ्यांत चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला.

खेळ थांबला. मुलगा खालीं बसून रडूं लागला. लागल्याचें दुःख थोडें होतें. तोंडाला चामडें लागलें, आतां करावें काय, हा आकांत होता. बाकीचीं मुलें भोंवतीं जमलीं, आणि बघ्यांचे आवाज चढूं लागले. सकाळपासूनच्या साऱ्या हिकमतींचा निकाल आतां या एका मुलाच्या विटाळावर लागणार होता. बिस्को यांनीं शांतपणें सांगितलें कीं, जवळच कालवा आहे, त्याला तेथें नेऊन धुवा. चारजणांनीं त्याला नेलें, धुवून परत आणलें, आणि खेळ पुन्हां सुरू झाला.

या प्रसंगाची हकीकत मिशनच्या पुस्तकांतून आणि पुढें क्रीडेच्या इतिहासग्रंथांतून अनेकवार छापली गेली आहे. ती वाचतांना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ती लिहिली आहे दांडकेवाल्यांच्या म्होरक्यानें, दांडके खाणाऱ्यांनीं नव्हे. आपल्या शिष्यांच्या दुबळेपणाचें चित्र जितकें गडद, तितका आपला पुरुषार्थ उजळ, हा मोह आत्मवृत्त लिहिणाऱ्याला सुटत नाहीं. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इंग्रज शाळांत खेळ हा नीतिशिक्षणाचा भाग मानला जात असे. तें मत घेऊन आलेल्या माणसाला काश्मिरी मुलांत केवळ भित्रेपणा दिसला; त्यांच्या नकारांतील निश्चय दिसला नाहीं. दोनशें मुलें एका गोऱ्या साहेबासमोर, राज्यांत त्या साहेबाच्या देशाचा रेसिडेंट बसलेला असतांना, पांच मिनिटें जागची हललीं नाहींत, यालाहि कांहीं छाती लागते. बळजोरीनें मैदानावर आणलेल्या मुलांना गडी म्हणतां येत नाहीं, आणि मुलांच्या पाठीवर दांडका उगारून शिकविलेल्या खेळाचें समर्थन आज कोणी करूं नये.

तरीहि प्रश्न उरतोच. दांडक्यांनीं मुलें एक दिवस मैदानावर आलीं. दुसऱ्या दिवशीं शाळेंत तीं कां आलीं? घरीं बसलीं असतीं तर बिस्को यांचे दांडके त्यांच्या दारापर्यंत पोंचणार नव्हते. याचें उत्तर फारसीच्या जागीं आलेल्या उर्दूंत आणि पंजाबांतून येणाऱ्या कारकुनांत आहे. इंग्रजी हवें तर ही शाळा हवी, आणि ही शाळा हवी तर हा चेंडूहि सहन केला पाहिजे, असा हिशेब घरोघर झाला असला पाहिजे. बिस्को यांनाहि हा हिशेब पुरता उमगला होता, हें त्यांच्या पुढील योजनांवरून दिसतें. ठराविक वयापर्यंत ज्या मुलाला पोहतां येत नसे त्याची फी ते वाढवीत; झेलमच्या कांठीं राहणाऱ्या मुलांना पोहतां येऊं नये आणि दरसाल कित्येकांनीं बुडून मरावें, हें त्यांना असह्य होत असे. परीक्षेच्या गुणांचेहि त्यांनीं तीन भाग केले: एक बुद्धीचा, एक शरीराचा आणि एक आचरणाचा. जो मुलगा नुसता पाठांतरांत पुढें असे, त्याला या पद्धतींत वरचा क्रमांक मिळणें अशक्य झालें. नोकरीसाठीं लागणाऱ्या त्या कागदावर मैदानाची सही आवश्यक करून ठेवली, आणि मग गडी मिळूं लागले. वाढीव फी दांडक्याहून सौम्य खरी, परंतु बळजोरीच ती; मात्र तिच्यांत बापाला विचार करण्यास वेळ मिळत होता.

वेषाचा प्रश्नहि असाच सुटला. फिरनाला कमरपट्टा आला, खेळापुरता तो वर खोंचला जाऊं लागला, आणि कांगडी वर्गांत राहिली. प्रारंभीं चेंडू पाहून पळणारीं मुलें पुढें होड्या वल्हवूं लागलीं, शहरांत पूर आले तेव्हां त्याच होड्यांतून त्यांनीं माणसें सोडविलीं. हें काम जातिवंत नावाड्यांचें म्हणून ज्यांच्या वाडवडिलांनीं वल्ह्याला हात लावला नव्हता, त्यांनीं तें केलें. हें श्रेय मुलांचें आहे. तेथें कोणी दांडका घेऊन उभें नव्हतें.

श्रीनगरच्या या हकीकतीशेजारीं कलकत्त्याची एक हकीकत ठेवून पाहण्यासारखी आहे, कारण तेथें सारें उलट होतें. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हा हेअर स्कूलचा विद्यार्थी. १८७७ सालीं तो सुमारें आठ वर्षांचा असतांना आईबरोबर गाडींतून गंगास्नानास जात होता. वाटेंत मैदानावर गोरे लोक फुटबॉल खेळत होते. चेंडू बाहेर आला आणि मुलानें उतरून तो लाथेनें परत केला, अशी कथा बंगाल्यांत सांगितली जाते. कथेंत अलंकार किती आणि वस्तुस्थिति किती याचा वाद असो. त्यानंतर त्यानें शाळासोबत्यांकडून वर्गणी गोळा करून चेंडू विकत आणला हें सर्व चरित्रकार सांगतात. तो चेंडू निघाला रग्बीचा. मुलांना फरक ठाऊक नव्हता. लांबट चेंडू घेऊन तीं शाळेच्या आवारांत धुमाकूळ घालूं लागलीं. शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील स्टॅक नांवाच्या प्राध्यापकांनीं वरून तें पाहिलें, खालीं येऊन मुलांना त्यांची चूक समजावून दिली, योग्य चेंडू मिळवून दिला, आणि खेळाचे नियम शिकविले. येथें गडी आधीं आले आणि शिक्षक मागून. बळजोरीचा प्रश्नच उद्भवला नाहीं.

परंतु अकरांची अडचण कलकत्त्यांतहि दुसऱ्या दारानें आलीच. नगेंद्रप्रसादांनीं पुढें कित्येक क्लब काढले. त्यांत वेलिंग्टन क्लब हा एक मोठा. त्या क्लबांत मणि दास या कुंभाराच्या मुलाला घ्यावें असें त्यांनीं सुचविलें, तेव्हां वरच्या जातींच्या सभासदांनीं विरोध केला. चामड्याचा चेंडू ज्यांनीं कुरकुर न करतां पायाला लाविला, त्यांना कुंभाराचा मुलगा शेजारीं नको होता. नगेंद्रप्रसादांनीं वाद घातला, आणि तो निष्फळ होतांच क्लबच मोडून टाकला. पुढें शोभाबाजार क्लब निघाला त्यांत मणि दास होता. १८९२ सालीं ट्रेड्स चषकाच्या सामन्यांत या शोभाबाजार क्लबानें ईस्ट सरे पलटणीचा दोनास एक असा पराभव केला. गोऱ्या लष्करी संघावर हिंदी संघानें मिळविलेल्या आरंभींच्या विजयांत त्याची गणना होते. मोहन बागान क्लबाच्या १९११ सालच्या शील्डविजयापुढें तो आज झांकला गेला आहे, याचें वाईट वाटतें. अकरांतील एका जागेसाठीं आपला भरलेला क्लब मोडणारा माणूस बंगालच्या फुटबॉलला आरंभींच मिळाला, ही गोष्ट त्या शील्डाहून लहान नाहीं.

याच दशकांत पुण्यास क्रिकेटच्या मैदानावर जें चाललें होतें तेंहि याच जातीचें. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजांत जन्मलेले गोलंदाज. त्यांची डाव्या हाताची गोलंदाजी पाहून पुण्याच्या हिंदु क्लबाला ते संघांत हवेसे झाले. मैदानावर त्यांच्या हातांतून सुटलेला चामड्याचा चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलीत, आणि त्यांत कोणाला विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली कीं बाळूंना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा दिला जाई. म्हणजे पुण्यांत कातड्याचा विटाळ मैदानावर विरघळून गेला, आणि कातडें कमावणाऱ्या जातीचा मात्र मंडपाच्या दारांत उभा राहिला. श्रीनगरच्या त्या मुलाला निदान कालव्याच्या पाण्यानें धुवून परत घेतां आलें; बाळूंच्या जन्माला कोणता कालवा पुरणार होता?

एकंदरींत शाळेच्या अपुऱ्या संघाचा शिक्षक जो हिशेब करतो, त्यांत दोन आंकडे असतात. एक मैदानावर उभे असलेल्यांचा, आणि दुसरा, उभे राहूं शकले असते परंतु राहिले नाहींत, किंवा राहूं दिले गेले नाहींत, अशांचा. बिस्को यांनीं पहिला आंकडा भरण्यासाठीं दांडका वापरला, आणि मग फीच्या पावतीचा आधार घेतला. स्टॅक यांना पहिल्यासाठीं कांहींच करावें लागलें नाहीं. आणि दुसऱ्या आंकड्याकडे पाहण्याचें काम त्यांच्या विद्यार्थ्यानें केलें.

बिस्को यांनीं श्रीनगरांत अर्धशतकाहून अधिक काळ काढला. १९४७ सालीं, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, ते काश्मीर सोडून गेले आणि १९४९ सालीं आफ्रिकेंत ऱ्होडेशियामध्यें मरण पावले. वल्ह्यांच्या चिन्हाची त्यांची ती शाळा शेखबागेंत त्यांच्याच नांवानें चालते. श्रीनगरांत २०१६ सालीं रियल काश्मीर या नांवाचा फुटबॉल क्लब निघाला, आणि दोन वर्षांत तो देशाच्या आय-लीग स्पर्धेंत जाऊन पोंचला. त्याचे सामने होतात त्या मैदानावर हिंवाळ्यांत बर्फ सांचतें, आणि प्रेक्षकांत अजून कित्येकजण फिरनाच्या आंत कांगडी घेऊन बसलेले असतात.